वस्तीचा सूचनाफलक कसा चालवावा: नागपूरच्या लेआउटमधील रहिवाशांसाठी

नागपुरातील कोणत्याही लेआउटमध्ये आज माहितीची टंचाई नाही. व्हॉट्सॲपच्या गटांवर ती पहाटेपासून येऊ लागते. मात्र उद्या पाणी येणार नाही ही सूचना शुभेच्छांच्या आणि लग्नपत्रिकांच्या ढिगाखाली गडप होते. शिवाय ज्यांना तिची सर्वाधिक गरज असते, ते एकटे राहणारे ज्येष्ठ, भाड्याच्या खोलीतील विद्यार्थी आणि नुकतेच राहायला आलेले कुटुंब बहुधा त्या गटात नसतात. अशा वेळी वस्तीच्या रोजच्या वाटेवर लावलेला, नीट सांभाळलेला एक साधा फलक मोठे काम करतो. तो सुरू कसा करावा, त्यावर काय लिहावे, आणि त्याच्या आधारे वस्तीतील माणसे कामाला कशी जोडावीत, याची पद्धत पुढे दिली आहे.

पहिली पायरी: आपली हद्द निश्चित करावी

नागपूर महानगरपालिकेचे दहा झोन आहेत: लक्ष्मीनगर, धरमपेठ, हनुमाननगर, धंतोली, नेहरूनगर, गांधीबाग, सतरंजीपुरा, लकडगंज, आशीनगर आणि मंगळवारी. आपला लेआउट कोणत्या झोनमध्ये येतो हे अंदाजाने ठरवू नये, कारण एकाच रस्त्याच्या दोन बाजू दोन झोनमध्ये असू शकतात. घराच्या मालमत्ता कराच्या देयकावरून झोनची खात्री करून घ्यावी. निवडणुकीचे प्रभाग वेगळे असतात. शहरात ३८ प्रभाग आणि १५१ नगरसेवक असून एक प्रभाग वगळता प्रत्येक प्रभागातून चार जण निवडून येतात, म्हणून "आपला नगरसेवक" एक नसून चार आहेत. चौघांचीही नावे फलकावर असावीत, कोणत्याही एकाचेच नसावे.

बेसा-पिपळा किंवा वाडीसारखा भाग शहराला चिकटलेला असला तरी मनपाच्या हद्दीत येत नाही. तेथील रहिवाशांनी आपल्या स्थानिक स्वराज्य संस्थेचे कार्यालय आधी शोधावे, नाहीतर पुढची सगळी धावपळ चुकीच्या दारात होते.

दुसरी पायरी: जागा आणि माणसे

विजेच्या खांबावर, झाडावर किंवा मनपाच्या भिंतीवर फलक लावू नये. सार्वजनिक मालमत्तेच्या विद्रूपीकरणाला आळा घालणारा राज्याचा कायदा १९९५ पासून आहे, आणि लोकांना नियम सांगणारा फलकच नियम मोडून उभा असणे शोभत नाही. किराणा दुकान, पिठाची गिरणी, विहार, मंदिर किंवा समाजभवन यांपैकी जेथे लोक दोन मिनिटे थांबतातच, अशा जागेच्या मालकाची लेखी परवानगी घ्यावी. फलक उत्तरेकडे तोंड करून किंवा छपराखाली असावा. नागपूरच्या मे महिन्यातील उन्हात संगणकावर छापलेला कागद काही दिवसांतच पांढरा पडतो. खडूचा काळा फळा या बाबतीत अधिक टिकाऊ ठरतो आणि त्यावरील मजकूर बदलणेही सोपे जाते.

तीन माणसे पुरेशी आहेत. एकाचे अक्षर चांगले असावे, एकाला कार्यालयात जायला वेळ असावा (निवृत्त शिक्षक आणि बँक कर्मचारी या कामात फार उपयोगी पडतात), आणि एकाने फोन व संकेतस्थळांवरील सूचना पाहाव्यात. मजकूर पुसण्याचा अधिकार केवळ या तिघांना असावा. नेत्यांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा, जाहिराती आणि पक्षाची आवाहने घेणार नाही, हे पहिल्याच दिवशी फलकाच्या कोपऱ्यात लिहून टाकावे. नंतर एकाला नकार देणे अवघड जाते. आधी लिहिलेल्या नियमावर कोणी रागावत नाही.

तिसरी पायरी: कोणते काम कोणाचे, याचा तक्ता

फलकाचा हा भाग कायमचा असावा आणि त्यावर सर्वाधिक मेहनत घ्यावी. नागपुरात एकाच गल्लीतील चार सेवा चार संस्थांकडे असतात, त्यामुळे तक्रार खरी असूनही भलत्याच ठिकाणी गेल्याने पडून राहते.

पाणीपुरवठा मनपाचा असला तरी तो चालवण्याचे काम २०१२ पासून ऑरेंज सिटी वॉटर ही कंपनी करते. शहराला मुख्यतः पेंच प्रकल्पाचे आणि कन्हान नदीचे पाणी मिळते. आपला भाग कोणत्या जलकुंभाच्या (पाणी पुरवणाऱ्या उंच टाकीच्या) क्षेत्रात येतो हे एकदा विचारून तक्त्यात लिहावे, कारण पाणी बंद राहण्याची सूचना जलकुंभाच्या नावाने निघते, गल्लीच्या नावाने नाही. ज्याला हे नाव ठाऊक नसते, त्याला बातमी वाचूनही ती आपल्यासाठी आहे की नाही हे कळत नाही.

घरातील वीज गेली तर महावितरणचा १९१२ हा क्रमांक आहे. रस्त्यावरचा दिवा बंद असेल तर ते काम मनपाच्या विद्युत विभागाचे. हा घोटाळा जवळपास प्रत्येक वस्तीत होतो. तुंबलेली गडर लाईन (सांडपाण्याची वाहिनी) आणि फुटलेले चेंबर यांसाठी झोन कार्यालयातील कनिष्ठ अभियंत्याकडे जावे, कचरागाडी येत नसेल तर झोनच्या आरोग्य विभागाकडे. धोकादायक झाडाची फांदी तारांना टेकली असेल तर महावितरणला कळवावे. झाड तोडायचे असेल तर मात्र मनपाच्या उद्यान विभागामार्फत परवानगी लागते, कारण १९७५ चा वृक्षसंरक्षण कायदा स्वतःच्या अंगणातील झाडालाही लागू आहे.

रस्त्याचे प्रकरण सर्वांत गुंतागुंतीचे आहे. तो मनपाचा, नागपूर सुधार प्रन्यासचा, सार्वजनिक बांधकाम विभागाचा किंवा राष्ट्रीय महामार्गाचा असू शकतो. "१९०० आणि ५७२ लेआउट" या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वसाहतींत गुंठेवारीच्या (विनापरवाना पाडलेल्या लहान भूखंडांच्या) नियमितीकरणाशी रस्ते, गडर लाईन आणि मैदानांचे प्रश्न जोडलेले असल्याने तेथे सुधार प्रन्यासकडे चौकशी केल्याशिवाय तक्त्यात काही लिहू नये.

तक्त्याच्या तळाशी ११२, १०१ आणि १०८ हे अनुक्रमे पोलीस, अग्निशमन आणि रुग्णवाहिकेचे क्रमांक द्यावेत. जन्म आणि मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते, हीदेखील एक ओळ असू द्यावी. रुग्णालयातील नोंद रुग्णालय कळवते, परंतु घरी झालेल्या मृत्यूच्या वेळी दुःखातील कुटुंबाला हे कोणी सांगत नाही.

चौथी पायरी: सूचना लिहिण्याची रीत

प्रत्येक सूचनेत चार गोष्टी असाव्यात: काय होणार, कोणत्या दिवशी व वेळी, कोणत्या भागात, आणि ही माहिती कोठून मिळाली. पाचवी गोष्ट म्हणजे सूचना पुसण्याची तारीख, जी कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहावी. "पाण्याचा प्रॉब्लेम आहे, सहकार्य करावे" ही सूचना नव्हे. "गुरुवारी सकाळी १० पासून शुक्रवारी सकाळी १० पर्यंत आपल्या जलकुंभाचे पाणी बंद, बुधवारी रात्री साठा करावा, पुरवठा सुरू झाल्यावर पहिले पाणी गढूळ असू शकते, आधार: कंपनीची सूचना" हे वाचून माणूस बादली भरायला जातो.

वृत्तपत्रांच्या नागपूर आवृत्तीतील शहराची पाने, महावितरणचे संदेश आणि झोन कार्यालयाचा सूचनाफलक ही मुख्य साधने होत. फिरत आलेला संदेश कितीही खरा वाटला तरी संबंधित कार्यालयाला एक फोन केल्याशिवाय फळ्यावर चढवू नये. कोणाच्या घरी चोरी झाली, कोण आजारी आहे, कोणाची थकबाकी आहे, असल्या बातम्यांना येथे स्थान नाही.

पाचवी पायरी: तक्रारीला आधी क्रमांक, मग फळा

माझ्या मते या संपूर्ण पद्धतीचा कणा हा एक नियम आहे: आवक क्रमांक मिळाल्याशिवाय कोणतीही तक्रार फलकावर जाणार नाही. अर्ज दोन प्रतींत न्यावा, एक द्यावी, दुसरीवर शिक्का, तारीख आणि क्रमांक घेऊन यावे. ऑनलाइन तक्रार केल्यास तिचा नोंदणी क्रमांक वापरावा. फलकावर तक्रारीचा विषय, क्रमांक, दिलेली तारीख आणि आजची स्थिती एवढेच लिहावे. अधिकाऱ्याविषयी टोमणे लिहू नयेत, कारण तोच अधिकारी पुढच्या आठवड्यात वस्तीत येणार असतो, आणि काम झाले की तसे तितक्याच ठळक अक्षरांत लिहावे.

कनिष्ठ अभियंत्याकडे दाद न लागल्यास झोनच्या सहायक आयुक्तांना लेखी द्यावे. त्यानंतर लोकशाही दिन आहे. मनपात तो महिन्याच्या पहिल्या सोमवारी होतो. त्यासाठी विहित नमुन्यातील अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो आणि न्यायालयात असलेली प्रकरणे घेतली जात नाहीत. राज्य शासनाच्या आपले सरकार या संकेतस्थळावरही तक्रार नोंदवता येते.

दाखला किंवा उतारा वेळेत मिळत नसेल तर मार्ग वेगळा आहे. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने अधिसूचित सेवांना मुदत घालून दिली आहे. ती उलटल्यास विभागातच दोन अपिले आणि त्यानंतर राज्य सेवा हक्क आयोगाकडे तिसरे अपील करता येते. कामाचा खर्च, कंत्राटाची मुदत किंवा रस्त्याची मालकी जाणून घ्यायची असेल तर माहितीचा अधिकार वापरावा. शुल्क १० रुपये आहे, उत्तराची मुदत सर्वसाधारणपणे ३० दिवसांची आहे, आणि महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयावर, १५० शब्दांत असावा लागतो. ही मर्यादा जाचक वाटते खरी, परंतु नेमका प्रश्न विचारण्याची सवय तिनेच लागते.

सहावी पायरी: श्रमदानाची हाक

"सर्वांनी सहभागी व्हावे" असे लिहिल्यास कोणी येत नाही. काम कोणते, किती वाजता सुरू होऊन किती वाजता संपणार, किती माणसे हवीत आणि भेटायचे कोणाला, हे लिहिले की लोक येतात. काम दोन तासांपेक्षा लांबवू नये.

नागपूरचे वर्षच कामे सुचवते. संक्रांतीनंतरच्या दोन दिवसांत झाडांवर आणि तारांजवळ अडकलेला मांजा दिसतो. हाताच्या उंचीवरचा गोळा करावा, तारांजवळच्याला हात लावू नये. जखमी घुबड किंवा घार सापडल्यास सेमिनरी हिल्सवरील वन्यजीवांच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरला कळवावे. एप्रिल आणि मे महिन्यांत पाणपोई लावणे सोपे असते, ती रोज भरणे आणि माठ धुणे अवघड. म्हणून उद्घाटनाच्या आधी सात वारांची सात नावे फलकावर लागली पाहिजेत. गणेश विसर्जनाच्या काळात मनपाच्या कृत्रिम टाक्यांजवळ निर्माल्य वेगळे करण्यासाठी तरुणांचा उपयोग होतो. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर येणाऱ्या लाखो लोकांसाठी अन्न आणि पाणी देणारी अनेक मंडळे आहेत. नवे दुकान मांडण्यापेक्षा त्यांपैकी एखाद्याला माणसे देणे अधिक उपयुक्त ठरते, असे वाटते.

पावसाळ्याची तयारी मात्र प्रत्येक सखल वस्तीने गांभीर्याने करावी. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला, आणि नाग नदीकाठच्या अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी या भागांत झोपेत असलेल्या लोकांच्या घरांत पाणी शिरले. तळमजल्यावर एकटे राहणारे ज्येष्ठ, अंथरुणाला खिळलेले रुग्ण आणि वरच्या मजल्यावर त्यांना आसरा देऊ शकणारी घरे यांची यादी जूनपूर्वीच तयार ठेवावी. ही यादी फलकावर लावू नये, ती तिघांकडे असावी.

रक्तदानासाठी उन्हाळ्याच्या सुट्या आणि दिवाळी हे तुटवड्याचे काळ असतात. विदर्भात सिकलसेल आणि थॅलेसेमियाचे रुग्ण असल्याने मागणी मात्र थांबत नाही. दाता १८ ते ६५ वर्षांचा, किमान ४५ किलो वजनाचा असावा आणि हिमोग्लोबिन १२.५ च्या खाली नसावे. पुरुषांनी ९० आणि स्त्रियांनी १२० दिवसांचे अंतर ठेवावे. शिबिराच्या तारखेसोबत या अटी लिहिल्या की रांगेत उभे राहून परत जाण्याची वेळ कोणावर येत नाही.

एक काम कधीही स्वयंसेवकांना सांगू नये: गडरच्या चेंबरमध्ये उतरणे. आतील वायूने क्षणात प्राण जातात, आणि २०१३ च्या कायद्यानुसार सफाई कामगारालाही संरक्षक साधनांशिवाय तेथे उतरवता येत नाही. झाकण उघडे दिसल्यास भोवती काठ्या आणि लाल कापड बांधून झोनला कळवावे.

पैसा आणि जुने कागद

फळा, खडू आणि काच यांचा खर्च जागेच्या मालकाने किंवा तिघांनी वाटून घेतलेला बरा. उत्सवासाठी सार्वजनिक वर्गणी गोळा करायची असेल आणि मंडळ नोंदणीकृत नसेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी आधी घ्यावी. फलकाचा आणि वर्गणीचा हिशेब एकत्र करू नये.

फळा पुसण्यापूर्वी त्याचे छायाचित्र काढावे, आणि शिक्क्याच्या प्रती तारखेनुसार एका जाड फाइलमध्ये लावाव्यात. ही फाइल दुकानात किंवा विहारात, कोणालाही मागून पाहता येईल अशी ठेवावी. तिघांपैकी एखादा घर बदलून गेला तर त्याच्या जागी येणाऱ्याने प्रथम प्रलंबित तक्रारींचे क्रमांक वाचून काढावेत आणि मग झोन कार्यालयात जाऊन त्यांची सद्यःस्थिती विचारून यावी.