फ्लिकर कसा ओळखावा: जमिनीवर चरणाऱ्या अमेरिकन सुताराची ओळख

न्यू जर्सी असो, टोरोंटो असो की सिअ‍ॅटल, घरामागच्या हिरवळीवर कधीतरी एक तपकिरी, ठिपकेदार पक्षी मातीत चोच खुपसून बसलेला दिसतो. लांबीला जवळपास पारव्याएवढा, पण अंगानं सडसडीत. दोन पावलं पुढं टाकली की तो भुर्रकन उडतो आणि कमरेवरचा पांढराशुभ्र डाग लख्खकन चमकून जातो. हा नॉर्दर्न फ्लिकर, शास्त्रीय नाव कोलाप्टेस ऑरेटस. तो सुतार पक्षी आहे हे सांगितलं तर पहिल्यांदा कुणाला पटत नाही. सुतार म्हटलं की खोडाला उभा चिकटलेला, टकटक करणारा पक्षीच आपल्या डोळ्यांसमोर येतो.

फ्लिकर उत्तर अमेरिकेच्या बहुतेक भागात आढळतो, त्यामुळं तो दिसणं अवघड नाही. ओळख पक्की करायला मात्र थोडा क्रम पाळावा लागतो. मी ज्या क्रमानं बघतो तोच इथं देतो.

पहिली पायरी: नजर जमिनीवर ठेवा

फ्लिकरचं पोट भरतं मुंग्यांवर. अमेरिकेच्या कृषी खात्यातले पक्षितज्ज्ञ फॉस्टर बील यांनी १९११ साली सुतार पक्ष्यांच्या खाद्याचा अहवाल प्रसिद्ध केला. फ्लिकरच्या पोटात सापडलेल्या अन्नापैकी जवळजवळ निम्म्या मुंग्या होत्या, असं त्यात दिसलं. एकेका पक्ष्याच्या पोटात हजारांनी मुंग्या निघाल्या. म्हणून तो तुम्हाला बागेत, शाळेच्या मैदानावर, फुटपाथच्या कडेच्या भेगांपाशी, जंगलाच्या मोकळ्या कडेला सापडेल. दाट झाडीपेक्षा विरळ झाडं आणि उघडी जमीन त्याला मानवते.

दुर्बीण असेल तर त्याला खाताना पाच मिनिटं नीट बघा. अमेरिकन रॉबिन हिरवळीवर धावतो, थांबतो, मान वाकडी करतो, पुन्हा धावतो. फ्लिकर तसं करत नाही. तो एका जागी ठाण मांडतो, मातीत चोच हाणतो, डोकं इकडंतिकडं हलवून भोक रुंद करतो आणि मग बराच वेळ तोंड आतच ठेवतो. त्या वेळी त्याची जीभ वारुळातल्या बोळांमधून फिरत असते. ही जीभ चोचीच्या टोकापुढं साधारण पाच सेंटिमीटर जाते आणि चिकट लाळेमुळं मुंग्या तिला लागून येतात. मान वर काढली की चोच पार बुडापर्यंत मातीनं माखलेली दिसते. हिरवळीवर अशी मातीनं भरलेली, किंचित बाकदार, लांब चोच दिसली तर ओळख निम्मी झाली असं समजा.

आपल्याकडेही जमिनीवर उतरून मुंग्या खाणारे सुतार आहेत. महाराष्ट्रातल्या जंगलात दिसणारा, गळ्यावर रेघा असलेला हिरवा सुतार त्यांपैकी एक. ज्यांनी तो पाहिला असेल त्यांना फ्लिकरची बसण्याची ढब ओळखीची वाटेल.

दुसरी पायरी: उडताना आणि बसल्यावर काय बघायचं

फ्लिकर उडाला की तीन गोष्टी पटकन टिपा. कमरेवरचा पांढरा डाग, पंखांच्या खालच्या बाजूचा पिवळा किंवा लालसर झगझगीत रंग, आणि उडण्याची लय. तो काही वेळा पंख मारतो, मग पंख अंगाशी मिटतो, थोडा खाली येतो, पुन्हा पंख मारून वर चढतो. त्यामुळं त्याची वाट वरखाली वळणं घेत जाते. ही लय बहुतेक सगळ्याच सुतारांची आहे, पण पांढऱ्या डागासोबत दिसली की शंका उरत नाही.

बसल्यावर छाती बघा. गळ्याखाली एक रुंद, काळी कोर असते आणि तिच्याखाली पोटभर गोल काळे ठिपके. पाठ तपकिरी, तिच्यावर आडवे काळे पट्टे. लांबी २८ ते ३१ सेंटिमीटर, वजन ११० ते १६० ग्रॅम. इतर सुतारांच्या मानानं तो फांदीवर आडवा, साध्या पक्ष्यासारखाही बऱ्याचदा बसतो.

गोंधळ बहुधा तीन पक्ष्यांशी होतो. रेड-बेलीड वुडपेकरची पाठ काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची असते, तपकिरी नसते, आणि छातीवर ना कोर असते ना ठिपके. मेडोलार्कच्या छातीवरही काळी खूण असते, पण ती पिवळ्याधमक छातीवर असते आणि त्याची शेपटी आखूड. मोर्निंग डव्ह हा होला. त्याचं डोकं लहान आणि चोच बारकी.

तिसरी पायरी: पिवळा की लाल?

इथं थोडं रेंगाळायला हवं, कारण फ्लिकरमधली खरी गंमत या पायरीवर आहे.

उत्तर अमेरिकेच्या पूर्वेकडं, आणि उत्तरेकडून थेट अलास्कापर्यंत, पिवळ्या पिसांचा फ्लिकर असतो. त्याच्या पंखांच्या आणि शेपटीच्या पिसांचे दांडे सोनेरी पिवळे असतात. माथा राखाडी, चेहरा बदामी, आणि मानेवर मागच्या बाजूला लाल कोर. पश्चिमेकडं लाल दांड्यांचा फ्लिकर दिसतो. त्याचा माथा तपकिरी, चेहरा राखाडी, आणि मानेवर लाल खूण नसते. म्हणजे बॉस्टन, अटलांटा, शिकागो इथं बहुतेक पिवळा आणि सॅन फ्रान्सिस्कोचा बे एरिया, सिअ‍ॅटल इथं बहुतेक लाल, असं ढोबळमानानं धरायला हरकत नाही.

मधल्या सपाट प्रदेशात आणि रॉकी पर्वतांच्या पूर्व उतारावर दोघांचा संकर होतो. तिथले पक्षी हवे तसे मिसळलेले दिसतात: पंख नारिंगी, चेहरा राखाडी आणि तरी मानेवर लाल कोर, किंवा एका पक्ष्याची एक मिशी (गालावरची पट्टी) काळी आणि दुसरी लाल. १८४३ साली पक्षिचित्रकार ऑड्युबन मिझुरी नदीच्या वरच्या भागात गेले, तेव्हा त्यांनाही असे पक्षी दिसले होते. पूर्वी हे दोन वेगवेगळे पक्षी मानले जात. १९७३ मध्ये अमेरिकन पक्षितज्ज्ञांच्या संघटनेनं त्यांना एकाच जातीत घातलं, आणि त्यांच्यासोबत अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात सग्वारो निवडुंगात ढोली करणाऱ्या गिल्डेड फ्लिकरलाही. गिल्डेड फ्लिकर १९९५ मध्ये पुन्हा स्वतंत्र जात झाला. दक्षिण अ‍ॅरिझोनात गेलात तर त्याच्याकडं लक्ष ठेवा: पंख पिवळे, पण चेहरा राखाडी आणि नराची मिशी लाल.

आता एक सावधगिरी. पूर्वेकडं, संकरपट्ट्यापासून शेकडो मैल दूर, एखाद्या पिवळ्या फ्लिकरच्या पंखात दोन-चार लालसर पिसं दिसतात. अनेक वर्षं लोक त्याला संकर समजत. रॉयल अल्बर्टा म्युझियमचे जॉसलिन ह्यूडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिसांतली रंगद्रव्यं तपासली आणि कारण खाण्यात सापडलं. आशियातून बागांसाठी आणलेली हनिसकलची झुडपं अमेरिकेत रानोमाळ पसरली आहेत. त्यांच्या लाल फळांत रोडोझँथिन नावाचं रंगद्रव्य असतं. पिसं बदलायच्या दिवसांत पक्ष्यानं ही फळं खाल्ली की नवी पिसं लालसर उगवतात. म्हणून फक्त पंखांवरून संकर ठरवू नका. चेहरा, माथा आणि मानेची खूण बघून मगच ठरवा. मला ही पायरी सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण नोंदी इथंच सर्वांत जास्त चुकतात.

हिरवळीवर पीस पडलेलं सापडलं तर दांड्याचा रंग बघा, फोटो काढा आणि पीस तिथंच ठेवा. १९१८ च्या स्थलांतरित पक्षी कायद्यानुसार अमेरिकेत असं पीस घरी ठेवायलाही बंदी आहे.

चौथी पायरी: नर की मादी?

चोचीच्या बुडापासून गालावर मागं जाणारी मिशी असेल तर नर. पूर्वेकडं ती काळी, पश्चिमेकडं लाल. मादीला मिशी नसते. नुकत्या उडायला लागलेल्या पिल्लांत मात्र माद्यांनाही पुसट मिशी दिसू शकते, तेव्हा उन्हाळ्यात जरा जपून.

पक्ष्यांच्या लेखी या मिशीला किती वजन आहे ते अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ जी. के. नोबल यांच्या १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगावरून कळतं. त्यांनी जोडीतल्या मादीला पकडून काळी मिशी लावली आणि सोडून दिलं. तिच्याच नरानं तिला परका नर समजून पिटाळायला सुरुवात केली. मिशी काढल्यावर त्यानं तिला पुन्हा जवळ केलं.

पाचवी पायरी: कान उघडे ठेवा

वसंतात झाडाच्या शेंड्यावरून सलग ‘विक-विक-विक-विक’ असं सात-आठ सेकंद चाललेलं ऐकू आलं तर तो हद्द सांगणारा फ्लिकर. वर्षभर ऐकू येते ती एकच तीक्ष्ण हाक, ‘क्लीऽयर’. दोन पक्षी जवळ आले की हलक्या आवाजात ‘विका-विका-विका’ चालतं. हे ऐकू आलं तर लगेच शोधा, कारण बहुधा सामना चालू असतो. दोन नर, किंवा दोन माद्या, फांदीवर समोरासमोर येतात, चोच वर करतात आणि डोकी हवेत गोल फिरवत राहतात. शेपट्या पसरून पिसांचा रंग दाखवतात. ज्या पक्ष्यासाठी हे चाललेलं असतं तो शेजारच्या फांदीवर शांत बसलेला असतो.

ठोकण्याचा आवाज वेगळा. साधारण एका सेकंदात पंचवीसेक ठोके, एकसारख्या वेगानं. तो अन्नासाठी नसतो, हद्द जाहीर करण्यासाठी असतो. आवाज जितका लांब जाईल तितकं चांगलं, म्हणून फ्लिकर छपराच्या कडेची पत्र्याची पन्हळ आणि धुराड्याची टोपी निवडतो.

सहावी पायरी: घरटं आणि ऋतू

मेलेल्या किंवा किडलेल्या खोडात नर-मादी मिळून ढोली कोरतात. तोंड साडेसात सेंटिमीटरच्या आसपास, खोली ३३ ते ४० सेंटिमीटर. आत ५ ते ८ पांढरी अंडी. उबवण ११ ते १३ दिवस. दोघंही पाळीनं बसतात, रात्री नर. पिल्लं पुढं साडेतीन-चार आठवडे ढोलीत राहतात. १८८३ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये एकानं घरट्यातून रोज अंडं काढून घेतलं, फक्त एक ठेवलं. त्या मादीनं ७३ दिवसांत ७१ अंडी घातली. आज असं करणं गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा. घरटं सापडलं तर लांबूनच बघा.

ढोलीवर खरं संकट येतं युरोपियन स्टार्लिंगचं. १८९० मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये सोडलेले हे पक्षी देशभर पसरले आणि नव्या कोरलेल्या ढोल्या फ्लिकरकडून हिसकावून घेऊ लागले.

उत्तरेकडचे फ्लिकर थंडीत दक्षिणेकडं जातात. सुतारांमध्ये असं स्थलांतर करणारे थोडेच. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये न्यू जर्सीच्या केप मे किनाऱ्यावर त्यांचे थवे उडताना दिसतात. जे मागं राहतात ते हिवाळ्यात फळांवर जगतात. माणसाला खाज आणणाऱ्या पॉयझन आयव्हीची फळंही ते आनंदानं खातात.

सातवी पायरी: तो घरावरच ठोकू लागला तर

पत्र्यावर ठोकत असेल तर नुकसान फारसं नसतं. वसंत सरला, घरटं सुरू झालं की तो आपोआप थांबतो. लाकडी साइडिंगला (भिंतीवर बाहेरून बसवलेल्या फळ्यांना) गोल भोक पाडत असेल तर मात्र हालचाल करावी लागते. तिथं चकाकणाऱ्या पट्ट्या टांगा किंवा जाळी लावा. भोक बुजवण्याआधी आत अंडी, पिल्लं किंवा झोपायला आलेला पक्षी नाही याची खात्री करा. लाकडात मुंग्या किंवा कीड आहे का तेही तपासून घ्या.

जवळच घरट्यासाठी एक लाकडी पेटी लावून बघावी. तळ १८ बाय १८ सेंटिमीटर, उंची ४० ते ६० सेंटिमीटर, भोक साडेसहा सेंटिमीटर. पेटी लाकडाच्या भुश्यानं काठोकाठ ठासून भरा. फ्लिकरला कोरल्याचं समाधान मिळतं आणि स्टार्लिंगला आत शिरायला जागा उरत नाही.

आणि हिरवळीवर मुंग्यांचं औषध मारू नका. १९६६ पासूनच्या पक्षिगणनेत फ्लिकरची संख्या जवळजवळ निम्म्यावर आलेली दिसते. धोका नसेल अशा ठिकाणचं वाळकं झाड उभं राहू द्या, आणि सोसायटीचा माळी फवारणीला आला तर त्याला अडवा.

नोंद ई-बर्डवर (पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर) करणार असाल तर नुसतं ‘नॉर्दर्न फ्लिकर’ न लिहिता पिवळा, लाल की संकर तेही निवडा. संकर निवडलात तर चेहरा, मान आणि मिशी कशी दिसली ते शेरा म्हणून लिहा, आणि जमलं तर शेपटीच्या खालच्या बाजूचा फोटो जोडा.