स्कायडायव्हिंगचं हेल्मेट घेताना आतलं अस्तर बघा

पॅराशूट उघडण्याआधी माणूस पोटावर पडतो तेव्हा वेग ताशी 190-200 किलोमीटरच्या घरात असतो. त्या वेगाने जमिनीवर आदळलात तर कुठलंच हेल्मेट वाचवणार नाही. ते कामी येतं ते विमानाच्या दाराची चौकट डोक्याला लागली, हवेत शेजाऱ्याचा गुडघा बसला किंवा उतरताना तोल जाऊन आपटलात तर. अशा प्रसंगी ते खरोखर मोलाचं आहे, म्हणून उघड्या डोक्याने उडी मारू नकाच.

पण सगळी हेल्मेटं सारखी नसतात. कार्बन फायबरचं चकचकीत कवच बघून भुलू नका. बोटाने अस्तर दाबून बघा: नुसताच मऊ स्पंज असेल तर ओरखडे नि वारा अडेल, धक्का फारसा जिरणार नाही. लेबलवर ईएन 966 (हवाई खेळांच्या हेल्मेटचं युरोपीय मानक) किंवा स्कायडायव्हिंगसाठीचं फ्रेंच एक्सपी एस 72-600 आहे का, ते शोधा. धक्का जिरवणारा आतला थर्माकोलसारखा कडक थर एकदा जोरात दबला की हेल्मेट बदलायचं, बाहेरून धड दिसलं तरी.

कॅमेरा लावणार असाल तर जास्त सांभाळा. त्यात पॅराशूटची दोरी अडकू शकते. एका हाताने झटकन सुटणारा हनुवटीचा पट्टा हवाच.