एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात जितक्या ठिकाणी उत्तर देता येईल, तितकीच खाती

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात आमच्याकडे सकाळी साडेसहाला गडी झेले, म्हणजे आंबे उतरवायच्या जाळी लावलेल्या काठ्या, घेऊन बागेत शिरतात. अकराच्या सुमाराला फळ घरी येतं. मग वजनावर निवड, डागी फळ बाजूला, कुठली अढी (गवतात पिकत घातलेले आंबे) किती पिकली ते सासूबाईंना विचारणं, पेट्यांवर नावं घालणं, आणि साडेतीनला पुण्याच्या गाडीत माल. त्याआधी मोबाईल माझ्या हातात जेमतेम चाळीस मिनिटं येतो, तेही बोटं चिकाने चिकट झालेली असताना.

धंद्यासाठी सोशल मीडियावर किती ठिकाणी राहायचं, याचं उत्तर मी या चाळीस मिनिटांवरून काढते. ऑगस्टमध्ये, बाहेर पाऊस आणि हाताला काम कमी, तेव्हा पाच खाती सहज झेपतील असं वाटतं. म्हणून हा हिशोब तुमच्या धंद्यातला सगळ्यात ओढाताणीचा दिवस डोळ्यासमोर ठेवूनच करा. मिठाईवाल्यांनी दिवाळीच्या आदल्या दिवसाचा करावा, वह्या-पुस्तकं विकणाऱ्यांनी जूनच्या दुसऱ्या आठवड्याचा.

आमची रत्नागिरी जिल्ह्यातल्या पावस गावाजवळ हापूसची बाग आहे. पूर्वी सगळा माल वाशीला दलालाकडे जायचा. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये गाडीचा आणि मार्केटचा, दोन्हींचा भरवसा राहिला नाही, तेव्हा पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांना थेट पेट्या द्यायला लागलो. त्या धांदलीत भाच्याने फेसबुक पेज, इन्स्टाग्राम, यूट्यूब, ट्विटर, टेलिग्राम, जिथे जिथे जमलं तिथे खातं उघडून दिलं. व्हॉट्सअॅप होतंच. एकूण सहा झाली. त्याने मनापासून केलं होतं आणि मीही मनापासून खूश झाले होते.

दुसऱ्या सीझनला ठाण्याच्या एका गृहस्थांनी इन्स्टाग्रामवर फोटो पाठवला. कापलेला आंबा, आणि कोयीजवळचा गर पांढुरका, भुसभुशीत. साका. साका बाहेरून दिसत नाही; हातात धरून, वास घेऊन, कितीही निवडा, सुरी लागल्यावरच कळतो. म्हणून आमचा पहिल्यापासून नियम आहे, साका निघाला तर फोटो पाठवा, पुढच्या गाडीने तेवढी फळं बदलून मिळतील. त्यांनी नियमाप्रमाणे फोटो पाठवला. तो अनोळखी लोकांच्या मेसेजच्या रकान्यात नऊ दिवस पडून राहिला. दहाव्या दिवशी त्यांनी आमच्या रीलखाली लिहिलं, ‘पैसे आले की हे उत्तर देत नाहीत.’

पेटीच्या यादीतून नंबर शोधून मी लगेच फोन केला. ते शांतपणे म्हणाले, “वहिनी, आंब्याचं काही नाही हो, ते निसर्गाच्या हातात. पण तुम्ही बघितलंसुद्धा नाही.” फळं पाठवली. त्यांची ऑर्डर परत आली नाही. आमच्याकडे अंगणात आलेल्याला गूळपाणी विचारल्याशिवाय कोणी परत पाठवत नाही, आणि इथे मी स्वतः बोलावलेल्या माणसाला नऊ दिवस उन्हात उभं केलं होतं.

तेव्हापासून मी खाती मोजताना ‘पोस्ट किती ठिकाणी टाकता येईल’ हा प्रश्न विचारायचं सोडलं. एक फोटो सहा ठिकाणी टाकायला पाच मिनिटं पुरतात. सहा ठिकाणी आलेल्या प्रश्नांना त्याच दिवशी उत्तर देणं हे खरं काम आहे.

आता हे ठरवायचं कसं, ते सांगते.

आधी एक वही घ्या. प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला पहिल्याच फोनवर विचारा, “आमचा नंबर कुठून मिळाला?” आणि नावापुढे एक अक्षर लिहा. माझ्याकडे ‘ओ’ म्हणजे ओळखीतून, ‘फे’, ‘इ’, ‘यू’, ‘गु’ म्हणजे गुगल मॅप्स. नंतर विचारीन म्हटलं की राहून जातं. आणि एका प्रश्नावर थांबू नका. बरेच जण सहज ‘फेसबुकवरून’ म्हणतात. खोदून विचारलं की कळतं, नणंदेने घरच्या ग्रुपवर आमची पोस्ट पाठवली होती. ते गिऱ्हाईक नणंदेचं, म्हणजे ‘ओ’. मी दुसरा प्रश्न विचारते, “तुम्हाला पोस्ट तिथेच दिसली, की कोणी पाठवली?”

एका सीझनभर हे नेमाने केलं. नवी गिऱ्हाइकं १४०. त्यात ओळखीतून ९१, फेसबुकवरून ३२, इन्स्टाग्रामवरून ११, गुगल मॅप्सवरून ६. यूट्यूब, ट्विटर आणि टेलिग्रामवरून एकही नाही. मोहोराच्या एका रीलला इतके लाइक आले होते की घरात सगळ्यांना वाटलं, यंदा इन्स्टाग्रामच धंदा देणार. वही नसती तर मी आजही तेच धरून बसले असते. लाइक देणारे कोण होते? बरेचसे आमच्यासारखेच बागायतदार आणि मोहोर बघून गावची आठवण आलेली माणसं. त्यांचं प्रेम मला हवं आहे, पण पेटीच्या हिशोबात ते धरता येत नाही.

तुमचे आकडे वेगळे येतील, यायलाच हवेत. पावसपासून तासाभरावर माझी बहीण निवास-न्याहारीचा धंदा करते. तिच्याकडे येणारी मुलं-मुली आधी इन्स्टाग्रामवर खोली आणि समुद्र बघतात, मग गुगलवरचे अभिप्राय वाचतात. तिला फेसबुक सोडूनही चालतं. शेजारी कलमांची नर्सरी आहे. त्यांची गिऱ्हाइकं म्हणजे शेतकरी, आणि पाचर कलम कसं बांधायचं, खड्डा केवढा घ्यायचा, हे शेतकरी यूट्यूबवर बघतो. त्यांचा दोन वर्षांपूर्वीचा व्हिडिओ आजही गिऱ्हाईक आणतो. माझ्या ‘आजची काढणी’ या व्हिडिओला आठवड्याने कोण विचारणार? जे बघून माणूस शिकतो ते यूट्यूबवर टिकतं. दोन दिवसांत शिळं होणारं स्टेटसला टाकावं. हॉटेलांना, किंवा कंपन्यांना भेट म्हणून वाटायला, घाऊक माल देणाऱ्याने लिंक्डइनचा विचार करावा, घरोघरी पेटी देणाऱ्याने नाही.

वहीनंतर घड्याळ. प्रत्येक खात्याला आठवड्यात किती वेळ जातो ते खरंखुरं मोजा. माझं असं निघालं: व्हॉट्सअॅप स्टेटस दोन मिनिटांत होतं. फेसबुकची पोस्ट, फोटो धरून, पंधरा मिनिटं. एक रील म्हणजे शूटिंग, कापाकापी, गाणं, अक्षरं मिळून दोन तास, आणि भाचा कॉलेजच्या परीक्षेत असला की तेही होत नाही. उत्तरांचा वेळ वेगळा लिहा, कारण तोच खात जातो. फेसबुकवर ‘रेट?’, ‘प्राइस?’ अशा चाळीस कमेंट यायच्या, कारण आम्हीही इतरांसारखं ‘दरासाठी इनबॉक्स करा’ लिहायचो. ते मी बंद केलं. पोस्टमध्येच पहिल्या ओळीत दर, फळाचं वजन, पेटीत किती डझन आणि कोणत्या दिवशी गाडी, एवढं लिहिते. प्रश्न निम्म्याहून कमी झाले. माझं स्पष्ट मत आहे, दर लपवणाऱ्या धंद्याला एक खातंसुद्धा जड जातं.

मग प्रत्येक खात्याला एकेक काम वाटून द्या. अनोळखी माणसाला आपण सापडायला हवं, हे एक काम. बोलणं, ऑर्डर, पैसे, तक्रार, हे दुसरं. सापडण्याचं काम माझ्याकडे फेसबुक करतं, व्यवहार फक्त व्हॉट्सअॅपवर. हे ‘फक्त’ फार महत्त्वाचं आहे. फेसबुकवर कोणी ऑर्डर लिहिली तरी मी नम्रपणे व्हॉट्सअॅप नंबर देते आणि तिथेच पुढचं बोलते. पेट्यांची नोंद दोन ठिकाणी झाली की एक पेटी चुकते, आणि ती नेमकी अक्षय्य तृतीयेची असते.

व्हॉट्सअॅपचं बिझनेस अॅप वापरत नसाल तर आधी ते घ्या. नवं खातं उघडण्यापेक्षा त्याने जास्त सोय होते. लेबलं लावता येतात. माझी ‘पैसे आले’, ‘पेटी निघाली’ आणि ‘साका’ अशी तीन आहेत, आणि रोज रात्री झोपण्याआधी ‘साका’ रिकामं झालंच पाहिजे. ठरलेली उत्तरं साठवता येतात. काढणीच्या वेळेत आपोआप मेसेज जातो, ‘आत्ता बागेत आहोत, साडेचारनंतर उत्तर देते’, आणि लोक खरोखर साडेचारपर्यंत थांबतात. ब्रॉडकास्टच्या, म्हणजे एकच मेसेज अनेकांना वेगवेगळा पाठवायच्या, एका यादीत २५६ जण बसतात, पण ज्यांनी आपला नंबर फोनमध्ये सेव्ह केला असेल त्यांनाच तो मेसेज पोचतो. म्हणून पेटीवरच्या चिठ्ठीत मी ‘हा नंबर सेव्ह करा’ असं मोठ्या अक्षरात लिहिते.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या. फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअॅप अशी तीन नावं दिसली तरी मालक एकच आहे. इन्स्टाग्राम त्यांनी २०१२ साली घेतलं, व्हॉट्सअॅप २०१४ साली. ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री नऊच्या सुमाराला तिन्ही एकदम बंद पडली, ती सहा तासांहून जास्त वेळ. आमचा सीझन नव्हता. एप्रिल असता तर दुसऱ्या दिवशीच्या गाडीत कोणाच्या पेट्या चढवायच्या हे मला कळलं नसतं. आणि २९ जून २०२० ला टिकटॉकवर बंदी आली, तेव्हा ज्यांचा सगळा गोतावळा तिथेच होता त्यांच्याकडे दुसऱ्या दिवशी कोणाचा पत्ताच उरला नाही. यावर उपाय म्हणून चार खाती वाढवू नका. गिऱ्हाइकाचं नाव, नंबर, पत्ता आणि गेल्या वर्षी किती डझन घेतले, हे स्वतःच्या वहीत उतरवा. माझ्या दोनशे पानी वहीत हे सगळं आहे, आणि सासूबाई ती देवघराच्या कपाटात ठेवतात.

तर संख्या? एकट्या माणसाच्या धंद्याला दोन खाती चालती ठेवणं पुरे, एक सापडण्याचं आणि एक व्यवहाराचं. तिसरं तेव्हाच, जेव्हा घरातलं दुसरं कोणी ‘हे माझं’ म्हणून नाव लावून घेईल आणि भर सीझनमध्येही रोज उत्तरं देईल. ‘आम्ही सगळे मिळून बघू’ असं ठरलेलं खातं कोणीच बघत नाही, हे मी नऊ दिवसांच्या त्या मेसेजमध्ये शिकले. गुगल मॅप्सवरची नोंद मी यात धरत नाही, कारण ती रोजची मेहनत मागत नाही. फोन, वेळ आणि दोन चांगले फोटो एकदा नीट भरून ठेवा आणि आलेल्या अभिप्रायांना आठवड्यातून एकदा उत्तर द्या.

नवं काही करून बघायचं असेल तर एका वेळी एकच, आणि कधी थांबायचं ते आधी लिहून ठेवा. यंदा भाचा म्हणाला, “मामी, कोकमासाठी इन्स्टाग्राम परत चालू करूया.” मी हो म्हटलं, पण वहीत त्याच्याच हाताने लिहून घेतलं: १ मे ते ३१ जुलै, आठवड्याला एक रील, मेसेज रोज रात्री तोच बघणार, आणि ‘इ’च्या रकान्यात दहा ऑर्डरी आल्या नाहीत तर पुन्हा बंद. आंब्याच्या पेटीला जे चाललं नाही ते आगळाच्या, म्हणजे कोकमाच्या दाट रसाच्या, बाटलीला चालू शकेल, असं त्याचं म्हणणं आहे आणि मला ते पटतं. सोलकढी कशी करायची हे लोक बघतात.

उरलेल्या खात्यांचं काय करायचं? उडवू नका. सीझनला दुसऱ्याचे फोटो चोरून ‘रत्नागिरी हापूस’ म्हणून पैसे उकळणारे निघतात. आपण सोडलेलं नाव त्यांच्या हाती पडायला नको. पण शेवटची पोस्ट तीन वर्षांपूर्वीची असलेलं खातं बघून गिऱ्हाइकाला वाटतं, धंदा बंद पडला. म्हणून पासवर्ड बदला, दोन टप्प्यांची सुरक्षा लावा, जिथे मेसेज बंद करता येतात तिथे बंद करा, आणि सगळ्यात वर एक पाटी चिकटवा. दर वर्षी गुढीपाडव्याला तिच्यावरचं साल बदला. माझी पाटी अशी आहे, हवी तर तशीच घ्या:

‘नमस्कार. आमची बाग आणि विक्री यंदा (इथे साल) सुरू आहे. या ठिकाणी आम्ही मेसेज बघत नाही, म्हणून कृपया इथे ऑर्डर किंवा तक्रार लिहू नका. खालच्या नंबरवर व्हॉट्सअॅप करा, त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत उत्तर देऊ. फळात साका निघाला असेल तर फोटो पाठवा, फळ बदलून मिळेल.’