जुने स्पीकर की नवे? जोडी घरी आणण्याआधी या चुका टाळा

जुने घेऊ की नवे, असं कोणी विचारलं की मी आधी तीन गोष्टी विचारतो. खोली केवढी आहे? अ‍ॅम्प्लिफायर कोणता आहे? आणि स्पीकर उघडून नीट दुरुस्त करणारा माणूस ओळखीत आहे का? या तिन्हींची उत्तरं मिळाली की जुनं-नवं हा वाद बहुतेक आपोआप मिटतो. 'जुनं ते सोनं' म्हणून उचललेली जोडी सहा महिन्यांत फडफडायला लागते, आणि 'जुन्यात पैसे घालू नका' म्हणणारा माणूस कधीकधी फार सुंदर आवाजाला मुकतो. दोन्ही पाहून वाईट वाटतं.

स्पीकर जुना होतो म्हणजे त्यातलं नेमकं काय जुनं होतं, हे आधी समजून घ्या. चांगली लाकडी पेटी, चुंबक, कागदी कोन (हलून आवाज काढणारा शंकू), तांब्याची कॉइल या वस्तू नीट ठेवल्या तर ५० वर्षंही काढतात. फोमची कड, क्रॉसओव्हरमधले (जाड-बारीक आवाज वेगळे करणाऱ्या सर्किटमधले) कपॅसिटर, जोडांवरचा डिंक आणि काही ट्विटरच्या (बारीक आवाज देणाऱ्या छोट्या स्पीकरच्या) फटीत भरलेलं फेरोफ्लुइड हे चुंबकीय तेल मात्र तेवढं टिकत नाही. जुन्या जोडीची किंमत म्हणजे विकणारा सांगतो ती रक्कम अधिक या चार गोष्टींचा खर्च. ही बेरीज करायची आणि मग तेवढ्या पैशांत आज नवं काय मिळतं ते बघायचं. बहुतेक लोक बेरीज न करताच तुलना करतात.

फोम न बघता पैसे देणे

ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वूफरचा, म्हणजे जाड आवाज देणाऱ्या मोठ्या स्पीकरचा, कोन आणि बाहेरची लोखंडी चौकट यांच्यामध्ये जी मऊ गोल कड असते, तिला सराउंड म्हणतात. ती कापडाची असते, रबराची असते किंवा फोमची. फोम हवेतली आर्द्रता शोषतो आणि साधारण १५-२० वर्षांत त्याचं रसायनच तुटायला लागतं. कोकण, गोवा, मुंबईच्या दमट हवेत त्याआधीही. दिसायला कड शाबूत असते. बोट लावलं की ओलसर, चिकट काळा भुगा बोटाला येतो. म्हणून पुढची जाळी काढायला लावा, मोबाइलचा टॉर्च तिरका धरा आणि कडेवर एका जागी अगदी हलकं दाबून बघा. फोम दाबून परत वर आला तर ठीक. खळगा तसाच राहिला किंवा भेग दिसली तर फोम संपलाय.

कापडाची आणि चांगल्या रबराची कड याहून खूप जास्त जगते. जेबीएलच्या १९७०च्या दशकातल्या एल-१०० या गाजलेल्या मॉडेलमध्ये वूफरची कड कापडाची होती, त्यामुळे ते वूफर आजही वाजताना दिसतात. त्याच स्पीकरची चौकडीची फोमची जाळी मात्र कधीच भुगा होऊन गेलेली असते. याउलट अ‍ॅकॉस्टिक रिसर्चच्या एआर-३ए च्या बहुतेक जोड्यांत फोम होता, म्हणजे आज मिळणाऱ्या अशा जोडीचा फोम एकदा तरी बदललेला असायला हवा. विकणारा 'कंपनीचा ओरिजिनल आहे' असं अभिमानाने सांगत असेल, तर तो खर्च तुमच्या डोक्यावर आहे असं समजा.

फोम बदलता येतो, आणि पूर्ण रिकोनिंगपेक्षा (कोन, कॉइल सगळंच नवं बसवण्यापेक्षा) ते स्वस्त पडतं. पण नव्या फोमची जाडी आणि लवचिकता मूळसारखी हवी. ताठ फोम बसवला की बास कमी होतो आणि त्या पेटीचं सगळं गणित चुकतं. दोन्ही वूफरचा फोम एकाच वेळी, एकाच प्रकारचा बदला. काम झाल्यावर कॉइल मधोमध बसली आहे का हे तपासण्यासाठी दोन्ही हातांची बोटं कोनावर समोरासमोर ठेवून तो सरळ आत ढकला. कुठे खरखर लागली तर कॉइल चुंबकाला घासतेय. मग फोनवरून ३० हर्ट्‌झचा सूर अगदी कमी आवाजात वाजवा. कोन मुकाट्याने हलला पाहिजे; खरवडल्यासारखं काही ऐकू येता कामा नये.

विकणाऱ्याच्या अ‍ॅम्पवर, मोठ्या आवाजात ऐकून भुलणे

दुकानात लाउडनेसचं बटण दाबलेलं असतं, बास-ट्रेबल दोन्ही वर असतात. पुण्याच्या जुन्या बाजारात तर आजूबाजूच्या गोंगाटात काहीही दणकट वाटतं. दोन स्पीकर शेजारी ठेवून तुलना करताना जो थोडा मोठ्याने वाजतो तो कानाला चांगला वाटतो. कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये फ्लॉइड टूल यांनी स्पीकर पडद्याआड ठेवून, आवाजाची पातळी सारखी करून लोकांना ऐकवले. डोळ्यांना ब्रँड, आकार, किंमत दिसेनाशी झाली की लोकांची पसंती बरीचशी जुळते, आणि समोरून सपाट (कुठलाच सूर न फुगवणारा) व बाजूंनीही सुरळीत आवाज देणारे स्पीकर वर येतात, असं त्या कामातून दिसलं. त्यात जुन्याला किंवा नव्याला वेगळे गुण नव्हते.

आपल्याकडे कानाची परीक्षा घ्यायला फार चांगलं साहित्य आहे. टोन कंट्रोल मध्यावर आणा. पहिल्यांदा एखादं जुनं मोनो ध्वनिमुद्रण लावा. दोन्ही स्पीकर सारखे असतील तर गायक बरोबर मधोमध उभा राहतो. तो डावीकडे-उजवीकडे सरकत असेल, किंवा 'स' आणि 'श' एकाच बाजूने येत असतील, तर एक ट्विटर किंवा एक कपॅसिटर कमजोर आहे. मग तंबोरा. चांगल्या स्पीकरवर जवारीची झिलई अखंड ऐकू येते, वाईटावर नुसती गुणगुण उरते. त्यानंतर डग्गा: मींड घेताना सूर वर-खाली जाताना ओळखता आला पाहिजे. प्रत्येक ठोक्याला एकच 'धप्' येत असेल तर तो बास पेटीचा आहे, डग्ग्याचा नाही. शेवटी आकाशवाणीच्या बातम्या. निवेदकाचा आवाज छातीतून घुमत येत असेल, तर तो स्पीकर रोज तासभर ऐकवणार नाही.

पुठ्ठ्याची नळी कानाला लावून प्रत्येक ट्विटर वेगळा ऐकायलाही लाजू नका. जुन्या थ्री-वे (तीन प्रकारचे स्पीकर असलेल्या) पेटीत बंद पडलेला ट्विटर बाकीच्या आवाजात सहज लपतो.

भोकात बसतो म्हणून दुसराच ट्विटर बसवणे

मूळ ट्विटर जळाला की कोणीतरी पुण्याच्या तापकीर गल्लीतून किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून त्याच मापाचा दुसरा आणून बसवतो. वाजतो, पण क्रॉसओव्हर मूळ ट्विटरचा इम्पीडन्स (विद्युत रोध) आणि सेन्सिटिव्हिटी (ठरावीक वॅटमध्ये किती मोठ्याने वाजतो ते) धरून बांधलेला असतो. दोन पेट्यांत दोन वेगळे ट्विटर दिसले, तर ती जोडी सोडून द्या, कितीही स्वस्त असली तरी.

कपॅसिटरचंही तसंच. ८ ओहमच्या ट्विटरपुढे ६.८ मायक्रोफॅरॅडचा एकच कपॅसिटर असेल तर तो साधारण २,९०० हर्ट्‌झपासून वरचा आवाज ट्विटरकडे जाऊ देतो. वर्षांनुवर्षांनी त्याची क्षमता ८.५ मायक्रोफॅरॅडवर सरकली, तर ती हद्द २,३०० च्या आसपास येते आणि ट्विटरला न झेपणारं काम करावं लागतं. कधी उलट होतं: आतला रोध वाढतो आणि ट्विटर मलूल होतो. मीटरवर मोजून, दोन्ही पेट्यांतले एकदम बदला. तिथे नॉन-पोलर (अधिक-उणे बाजू नसलेला) कपॅसिटरच लागतो, रेडिओतला साधा इलेक्ट्रोलिटिक नाही. फिल्म कपॅसिटर टाकला तर ट्विटर किंचित जास्त उजळ वाटू शकतो. तो दोष नाही, छोटा रेझिस्टर घालून सुधारता येतो.

खोली आणि अ‍ॅम्प विसरणे

केएलएच कंपनीच्या संस्थापकांपैकी अँटन हॉफमन यांच्या नावाने एक नियम ओळखला जातो. छोटी पेटी, खोल बास आणि कमी वॅटमध्ये मोठा आवाज, या तिन्हींपैकी दोनच मिळतात. नव्या छोट्या स्पीकरनी पहिले दोन घेतले, म्हणून त्यांना ताकदवान अ‍ॅम्प लागतो. बऱ्याच मोठ्या जुन्या पेट्यांनी जागा खाल्ली आणि वॅट वाचवले. पण 'जुना म्हणजे थोड्या वॅटवर वाजणारा' असा सरसकट हिशोब करू नका. बीबीसीने आखलेला एलएस३/५ए जुनाच आहे, छोटासा, आणि त्याची सेन्सिटिव्हिटी ८२-८३ डेसिबल. ९२ डेसिबलचा स्पीकर ५ वॅटमध्ये जेवढा वाजतो, तेवढं वाजायला त्याला ५० वॅटच्या आसपास लागतात. ४ ओहमचे स्पीकर '८ ते १६ ओहम' असं मागे लिहिलेल्या जुन्या अ‍ॅम्पला जोडणं तर टाळाच.

जागेची चूक तर घराघरात दिसते. एआर-३ए, एल-१०० यांसारखे स्पीकर फळीवर, भिंतीलगत ठेवायच्या हिशोबाने घडवले होते. ते स्टँडवर खोलीच्या मध्ये आणले की बास पातळ होतो आणि लोक स्पीकरला दोष देतात. आजचे बरेच स्पीकर याच्या उलट आहेत: भिंतीपासून दूर ठेवायचे, मागे बासचं भोक. ते टीव्ही युनिटच्या खणात कोंबले की घुमतात. १२ फुटी लांबीच्या खोलीत ४७ हर्ट्‌झच्या आसपासचा सूर मुळातच फुगतो, त्यात ही भर. १० बाय १२ची खोली असेल, दुरुस्तीचा माणूस नसेल, तर मी पुढे किंवा खाली भोक असलेली किंवा बंद पेटीची छोटी नवी जोडीच सुचवतो. मोठा हॉल, मध्यम ताकदीचा अ‍ॅम्प आणि भरवशाचा कारागीर असेल तर कापडी किंवा रबरी कडेची जुनी जोडी खुशाल घ्या. नव्याच्या जाहिरातीतला पीएमपीओचा (फुगवून सांगितलेल्या वॅटचा) आकडा वाचूच नका, आणि '२० ते २०,००० हर्ट्‌झ'पुढे अधिक-उणे किती डेसिबल हे लिहिलेलं नसेल तर तोही आकडा वाया.

घरी आल्यावर बिघडल्यासारखं वाटलं तर

बास गायब असेल आणि गायक मध्ये थांबत नसेल, तर बहुतेक वेळा एका बाजूची वायर उलटी असते. आधी लाल-काळं तपासा. तरी शंका असेल तर अ‍ॅम्प काढून दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावा, अधिक लालला. दोन्ही वूफर एकाच दिशेने हलले पाहिजेत. जेबीएलच्या जुन्या मॉडेलमध्ये ते आत जातात, ते त्यांचं मूळचंच आहे. थ्री-वेमधला मिडरेंज (मधल्या सुरांचा स्पीकर) उलट जोडलेला दिसला तर तो सुधारायला जाऊ नका, कंपनीने तो मुद्दाम तसा जोडलेला असू शकतो.

एक बाजू बंद असेल तर अ‍ॅम्पच्या मागे डाव्या-उजव्या वायरींची अदलाबदल करा. शांतता वायरीबरोबर दुसऱ्या पेटीकडे गेली तर दोष अ‍ॅम्पमध्ये किंवा त्याच्या आधी आहे. त्याच पेटीपाशी राहिली तर ती पेटी किंवा तिची वायर. मागचे ट्रेबलचे नॉब फिरवताना कुरकुर झाली तर बंद स्थितीत कॉन्टॅक्ट क्लीनर मारून ते अनेकदा मागे-पुढे फिरवा. एकाच सुरावर खडखड येत असेल तर वूफरवर संशय घेण्याआधी जाळी काढा आणि सगळे स्क्रू तपासा. जुन्या भुशाच्या बोर्डात स्क्रू नुसते गोल फिरतात.

ट्विटर कानाच्या उंचीला आणा. भारतीय बैठकीवर बसून ऐकत असाल तर ती उंची जमिनीपासून जेमतेम अडीच फूट भरते, बाजारातले तयार स्टँड बहुधा सोफ्याच्या हिशोबाचे असतात. नवी जोडी टोचत असेल आणि दुकानदार 'शंभर तास वाजवा, मोकळी होईल' म्हणत असेल, तर आधी पेट्या थोड्या बाहेरच्या दिशेला वळवा, समोरच्या उघड्या भिंतीवर पडदा सोडा, जमिनीवर सतरंजी घाला. त्यानंतरही टोचलं तर परत करायची मुदत संपण्याआधी परत करा.