बर्ड फ्लूची बातमी वाचावी कशी?

कुठेतरी कोंबड्या मरतात, बातमी येते, चिकनचे भाव कोसळतात आणि महिन्याभरात सगळं विसरलं जातं. मधल्या काळात कावळे, वाघ, गायी अशी नावं कानावर पडत राहतात आणि वाटतं, आता पाळी माणसाची. अशी बातमी कुटुंबाच्या ग्रुपवर ढकलण्याआधी पुढच्या गोष्टी तपासून बघा.

१. नावावर थांबू नका

बर्ड फ्लूच्या बातमीत बहुतेक वेळा दिसणारं एच५एन१ हे नाव विषाणूच्या फक्त दोन प्रथिनांवरून पडलेलं आहे. एच म्हणजे हिमॅग्लुटिनिन, ते पेशीला चिकटतं. एन म्हणजे न्यूरामिनिडेज, ते नव्या विषाणूंना पेशीपासून सुटं करतं. पुढचे आकडे म्हणजे त्या प्रथिनांचे प्रकार. पण या विषाणूची जनुकं आठ सुट्या तुकड्यांत असतात, आणि उरलेल्या सहांबद्दल नाव अवाक्षर काढत नाही. नाव-आडनाव एक म्हणून माणूसही तोच, असं आपण धरत नाही. इथेही धरू नये.

२. बाकीचे तुकडे कुठून आले ते शोधा

एकाच बदकाला एकाच वेळी दोन वेगळ्या फ्लूची लागण झाली आणि दोन्ही विषाणू एकाच पेशीत शिरले, की तयार होणाऱ्या नव्या विषाणूंत तुकड्यांची सरमिसळ होते. शास्त्रज्ञ याला रीअसॉर्टमेंट म्हणतात. हिशेबाने २५६ जोड्या शक्य असतात. बहुतेक कुचकामी निघतात, पण एखादी जमून जाते. १९५७ आणि १९६८ च्या जागतिक साथी अशाच जमलेल्या जोड्यांच्या होत्या: माणसाच्या फ्लूत पक्ष्यांच्या विषाणूचे तुकडे मिसळलेले.

१९९७ मध्ये हाँगकाँगला १८ जणांना एच५एन१ झाला, ६ दगावले. त्या विषाणूचे आतले सहा तुकडे एच९एन२ या दुसऱ्या विषाणूच्या तुकड्यांशी जुळणारे निघाले. २०१३ मध्ये चीनमध्ये आलेल्या एच७एन९ चीही तीच कथा. एच९एन२ स्वतः कोंबड्या फारशा मारत नाही, म्हणून त्याची बातमीही होत नाही. भारतात माणसातला त्याचा पहिला रुग्ण आपल्या मेळघाटातच सापडला, २०१९ मध्ये, १७ महिन्यांचा मुलगा. तो बरा झाला. बातमीत कोपऱ्यात कुठे एच९एन२ दिसला, तर मी ती दोनदा वाचतो.

म्हणून बातमीत ‘क्लेड’ (विषाणूची वंशशाखा) किंवा ‘जीनोटाइप’ (आठ तुकड्यांची नेमकी जुळणी) हे शब्द शोधा. अमेरिकेत २०२४ मध्ये दुभत्या गायींत पसरलेला जीनोटाइप बी३.१३ होता. युरोप-आशियाकडून आलेला विषाणू आणि तिथल्या रानपक्ष्यांतले सौम्य विषाणू यांच्या मिश्रणातून तो घडला. पुढे आलेल्या डी१.१ मध्ये तर एन१ चा तुकडाच बदलला, पण नवा तुकडाही एन१ च, म्हणून नाव जसंच्या तसं राहिलं!

३. ‘याच्याकडून त्याच्याकडे गेला का?’ हे विचारा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच. बाधित प्राण्यांची यादी लांबली म्हणजे धोका तितकाच वाढला, असं नाही. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट्या एच५एन१ ने दगावले. संशय गेला तो खायला दिलेल्या कोंबडीवर. बाधित मांस खाऊन प्राणी मेला आणि प्रकरण तिथेच थांबलं, तर ती एकेरी उडी. आता २००४ चं थायलंडमधलं श्रीराचाचं प्राणिसंग्रहालय बघा. सुरुवात तिथेही कच्च्या कोंबडीनेच झाली. कच्ची कोंबडी बंद केली तरी वाघ आजारी पडतच राहिले. वाघाकडून वाघाला लागण होत असावी, असा निष्कर्ष निघाला. शेवटी १४७ वाघ मेले किंवा मारावे लागले. प्राणी एकच, कारणही एकच, पण दोन्ही बातम्यांचं वजन सारखं नाही.

गायींची साथ याच कारणाने गंभीर. विषाणू कासेत वाढला आणि दूध काढायच्या यंत्रांवाटे, जनावरांच्या ने-आणीतून गोठ्यागोठ्यांत पोचला. ते कच्चं दूध प्यायलेल्या मांजरी मेल्या.

४. ‘म्युटेशन सापडलं’ म्हटलं की कुठे, ते बघा

म्युटेशन, म्हणजे जनुकांतले बारीक बदल, तर रोज होतात. त्यातली मोजकी महत्त्वाची. आठांपैकी पीबी२ नावाच्या तुकड्यात ६२७ क्रमांकाच्या जागी झालेला बदल विषाणूला सस्तन प्राण्यांत वाढायला मदत करतो. दुसरी बाब चिकटण्याची: पक्ष्यांचा विषाणू पेशीवरच्या ज्या खुंटीला धरतो, ती माणसाच्या नाक-घशात कमी असते. एच ची पकड बदलल्याची बातमी आली, तर ती नीट वाचा.

५. मृत्युदराच्या आकड्याला आकडाच समजा

२००३ पासून जगभरात एच५एन१ चे ९०० हून अधिक रुग्ण नोंदले गेले, त्यांतले जवळपास निम्मे दगावले. पण नोंद होते ती दवाखान्यात पोचलेल्यांची. अमेरिकेतल्या गोठ्यांवरच्या बहुतेक बाधित मजुरांचे फक्त डोळे लाल झाले होते.

६. मग घरात काय करायचं?

चिकन आणि अंडी पूर्ण शिजवा. ७० अंश सेल्सिअसला विषाणू मरतो. कच्चं मांस चिरलेल्या पाटावर लगेच कोशिंबीर चिरू नका. मांजराला कच्ची कातडी-आतडी घालायची सवय असेल, तर ती सोडा. पक्षी मरून पडलेले दिसले तर हात न लावता १९६२ या पशुवैद्यकीय फोन क्रमांकावर किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. परसात कोंबड्या, बदकं आणि डुकरं एकत्र ठेवू नका, कारण डुकराच्या श्वासनलिकेत पक्ष्यांचा आणि माणसांचा, दोन्ही फ्लू वाढू शकतात. कोंबड्या एकाएकी मरायला लागल्या, तर उरलेल्या घाईने विकून मोकळं व्हायचा मोह होतो. २००६ मध्ये नवापुरात देशातला पहिला उद्रेक झाला, तेव्हापासून पशुसंवर्धन खातं सांगतंय ते एवढंच: कळवा, आणि तपासणी होईपर्यंत एकही पक्षी बाहेर जाऊ देऊ नका.