पैशांअभावी औषध बंद करण्यापूर्वी

मधुमेह, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाच्या विकाराचा खर्च दर महिन्याला उभा राहतो आणि कोल्हापूरच्या अनेक घरांत ‘ऊसबिल आलं की बघू’ म्हणत गोळ्या पुरवून पुरवून घेतल्या जातात. ही ओढाताण डॉक्टरांपासून लपवू नये, कारण निम्म्याच गोळ्या पोटात जात आहेत हे ठाऊक नसेल, तर वाढलेली शुगर पाहून ते आणखी एखादे महागडे औषध वाढवतात. म्हणून तपासणीच्या सुरुवातीलाच सांगावे : ‘या महिन्यात एवढेच पैसे आहेत, यातले कोणते औषध अजिबात चुकवून चालणार नाही?’

इन्शुलिन, फिटच्या गोळ्या, स्टेंट बसवल्यानंतर रक्ताची गुठळी होऊ न देणाऱ्या गोळ्या आणि डायलिसिस यांत स्वतःहून खंड पाडणे जिवावर बेतू शकते.

चिठ्ठीवर औषधाचे मूळ (जेनेरिक) नाव लिहून मागावे. जनऔषधी केंद्रात तेच औषध बहुधा बरेच स्वस्त मिळते. घेताना नाव आणि मिलिग्रॅम चिठ्ठीशी ताडून पाहावे. रक्तदाब व मधुमेहाच्या नेहमीच्या गोळ्यांसाठी आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी करावी, कारण तेथे त्या मोफत दिल्या जातात. मोठ्या तपासण्यांसाठी कोल्हापूरचे सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) हे सरकारी रुग्णालय आहेच. रांग लांब असते, पण खासगी खर्च झेपत नाही म्हणून तपासणीच टाळण्यापेक्षा ती रांग परवडते.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना मुख्यतः दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी असून तीत डायलिसिसही बसते; महिन्याच्या गोळ्यांसाठी मात्र तिच्यावर विसंबू नये. रेशनकार्ड व आधार घेऊन योजनेतील रुग्णालयाच्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) दाखल होण्यापूर्वीच भेटावे. धर्मादाय रुग्णालयांत 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात. तो हक्क आहे, उपकार नव्हे. त्यामुळे तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवावा आणि बिल होण्याची वाट न पाहता तेथील समाजसेवकाकडे अर्ज द्यावा.

औषध आधीच बंद पडले असेल, तर राहिलेली मात्रा भरून काढण्यासाठी दुप्पट गोळ्या घेऊ नयेत. किती दिवसांचा खंड पडला ते डॉक्टरांना सांगून, त्यांच्या सल्ल्यानेच औषध पुन्हा सुरू करावे.