एप्रिलमधला स्नो नक्की किती साठेल, याचा अंदाज घरबसल्या कसा काढायचा

मॅसॅच्युसेट्समध्ये राहणाऱ्या आपल्या लोकांसाठी हे लिहितेय, खास करून ज्यांचं इथलं पहिलं-दुसरंच वर्ष आहे त्यांच्यासाठी. पाडवा झाला की आपण मनातल्या मनात थंडी संपवून टाकतो, शॉव्हल बेसमेंटमध्ये जातं, स्नो टायर उतरतात, आणि मग एखाद्या सोमवारी फोन दाखवतो की उद्या ८ ते १२ इंच. एका एप्रिलमध्ये मी त्या आकड्यावर विसंबून सगळं कॅन्सल केलं आणि पडला जेमतेम ३ इंच, पुढच्या वेळी मग मुळीच लक्ष दिलं नाही तर मेपलची फांदी कारवर येऊन पडली. तेव्हापासून मी स्वतः हिशोब मांडते आणि तो अजिबात अवघड नाहीये.

आधी एक लक्षात घ्या, इथे उशिराचा स्नो म्हणजे नुसता शिडकावा असं काही नसतं. १९९७ ला ३० मार्चला ईस्टरचा रविवार होता, तापमान ६० फॅरनहाइटच्या आसपास, लोक नुसत्या शर्टावर फिरत होते, आणि ३१ मार्च ते १ एप्रिल या दोन दिवसांत बॉस्टनच्या लोगन एअरपोर्टवर २५.४ इंच आणि वूस्टरला ३३ इंच स्नो पडला. त्यामुळे "काल तर किती गरम होतं, आज कसला साठतोय" हे लॉजिक डोक्यातून काढून टाका. कालच्या हवेचा संबंध नसतो, वादळाच्या वेळी वरून कुठली हवा येतेय त्याचा असतो.

आता हिशोब. पहिली गोष्ट म्हणजे इंचांचा रंगीत मॅप बाजूला ठेवायचा आणि फोरकास्टमध्ये पाणी किती आहे ते शोधायचं, म्हणजे सगळं वितळवलं तर किती इंच पाणी होईल तो आकडा. बरेचसे मॅप सरळ १० ला १ धरतात, १ इंच पाण्याचा १० इंच स्नो. जानेवारीत ते ठीक आहे, कधीकधी १५ ला १ पण होतं कारण तेव्हाचा स्नो पिंजलेल्या कापसासारखा असतो. एप्रिलचा स्नो भिजलेल्या कापसासारखा, तिथे ५ ते ८ ला १ धरा, मी साधारण ७ धरते. शिवाय काही मॅप मधे पडणारे स्लीटचे, म्हणजे गोठलेल्या पावसाचे बर्फाळ दाणेसुद्धा स्नोमध्येच मोजतात, त्यामुळे आकडा अजून फुगतो.

दुसरी गोष्ट, त्यातलं किती पाणी पाऊस म्हणून वाहून जाणार. इथे सगळी मदार एक-दोन डिग्रीवर असते आणि इथेच बहुतेक लोक चुकतात, कारण ते नुसतं टेम्परेचर बघतात. ३८ फॅरनहाइट दिसलं की पाऊस पडणार असं ठरवून मोकळे होतात. पण आपला माठ आठवा, बाहेर पाणी झिरपतं, सुकतं आणि आतलं पाणी गार होतं. हवेचंही तसंच होतं, कोरड्या हवेत पाऊस पडायला लागला की त्यातला काही सुकतो आणि हवा गार पडते. ती कुठल्या टेम्परेचरपर्यंत गार पडेल तो आकडा म्हणजे वेट बल्ब. टेम्परेचर आणि ड्यू पॉइंट (ज्या टेम्परेचरला हवेतल्या बाष्पाचं दव व्हायला लागतं तो आकडा, वेदर ॲपमध्ये असतो) यांच्यातला फरक काढायचा आणि त्याचा एक तृतीयांश किंवा किंचित जास्त भाग टेम्परेचरमधून वजा करायचा. ३८ टेम्परेचर आणि २६ ड्यू पॉइंट असेल तर फरक १२, त्यातले ४-५ वजा, म्हणजे हवा ३३-३४ पर्यंत येणार, तिथे स्नोला पूर्ण चान्स आहे. तेच ३८ ला ड्यू पॉइंट ३७ असेल तर हवा आधीच ओली आहे, ती अजून फारशी गार होणार नाही, छत्री काढा.

आणि जोर. जोरात पडत असेल तर वरून येणारा स्नो वितळताना आजूबाजूच्या हवेतली उष्णता ओढून घेतो, अख्खा थर ३२ पर्यंत, म्हणजे पाणी गोठतं तिथपर्यंत खाली येतो आणि पाऊस बघता बघता स्नो होतो. भुरभुर पडत असेल तर हे होत नाही. म्हणून फोरकास्टमध्ये एकूण किती याच्याइतकंच तासाला किती हे बघायचं. तासाला इंचभर किंवा जास्त पडत असेल तर ३३ ला सुद्धा साठतो, रस्त्यावर पण.

मग वेळ बघा, ही तर माझ्या मते एप्रिलमधली सगळ्यात मोठी गोष्ट. डिसेंबरच्या शेवटी बॉस्टनला दुपारी बाराचा सूर्य क्षितिजापासून २४ अंशावर असतो आणि १ एप्रिलला ५२ वर, म्हणजे सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात असतो तेवढा वर. ढगातूनसुद्धा त्याची ऊब खाली पोचते, डांबर गरम राहतं, आणि दिवसभर हलका स्नो पडूनही रस्ता नुसता ओला दिसतो. तोच स्नो रात्री दहा ते सकाळी सातच्या मधे पडला तर सगळा साठतो. १९९७ चा बराचसा रात्रीच पडला होता.

तुमचं घर कुठे आहे तेही धरा. दर हजार फुटांना ३-४ डिग्री फरक पडतो आणि वूस्टर एअरपोर्ट साधारण हजार फुटांवर आहे. ९-१० मे १९७७ ला, हो मे मध्ये, वूस्टरला १२.७ इंच पडला आणि बॉस्टनला फक्त अर्धा. किनाऱ्यावर राहत असाल तर वारा बघायचा, एप्रिलच्या सुरुवातीला समुद्राचं पाणी ४० फॅरनहाइटच्या थोडं वर असतं, त्यामुळे पूर्वेचा वारा आला की पाऊस आणि उत्तरेकडून यायला लागला की स्नो.

समजा मंगळवारी दुपारी २ ला सुरू होणार, एकूण पाणी १.५ इंच. संध्याकाळपर्यंतचं ०.४ पावसात गेलं असं धरू, उरलं १.१, गुणिले ७ म्हणजे ७.७ इंच. सुरुवातीचा इंच-दीड इंच ओल्या गरम जमिनीवर वितळणार. तर गवतावर ५ ते ७ आणि रस्त्यावर ३-४, फोन मात्र १५ पण दाखवत असेल. आता हा आकडा घेऊन सरकारी नॅशनल वेदर सर्व्हिसच्या नॉर्टन ऑफिसचं (बॉस्टनचा भाग तेच बघतं) फोरकास्ट डिस्कशन वाचा, रोज निघतं, फुकट आहे, आणि त्यात फोरकास्टर स्वतः लिहितात की त्यांना खात्री कशाची आहे आणि शंका कुठे आहे. त्यांचे कमीत कमी आणि जास्तीत जास्तचे मॅप पण असतात. दोन्हीमधलं अंतर खूप असेल तर एका आकड्यावर प्लॅन करू नका, दोन्हीची तयारी ठेवा.

तयारी म्हणजे काय, तर इंचांपेक्षा वजनाची. १ मिलिमीटर पाणी म्हणजे दर चौरस मीटरला १ किलो. ५० चौरस मीटरच्या ड्राइव्हवेवर ३० मिलिमीटर पाण्याचा स्नो म्हणजे दीड टन, मग तो ७ इंच दिसो की ५. आई-बाबा भारतातून आलेले असतील तर हौसेने सुद्धा त्यांच्या हातात शॉव्हल देऊ नका, ओला स्नो उचलताना हृदयावर खरंच ताण येतो. दर २-३ इंचांना थोडं थोडं काढा. झाडांना पालवी फुटली असेल तर कार झाडाखालून हलवा, फोन चार्ज करून ठेवा, कारण अशा स्नोत फांद्या तारांवर पडतात.

आणि पडल्यावर मोजा. १६ बाय २४ इंचाची प्लायवूडची फळी पांढरी रंगवून मोकळ्या जागी ठेवायची, स्नो थांबल्या थांबल्या लगेच मोजायचा, कारण एप्रिलचा स्नो दोन तासांत बसतो. मग सरळ कडांचा एखादा डबा फळीवर उलटा दाबून आतला स्नो घरात आणून वितळवा आणि त्याच डब्यात पाणी किती इंच होतं ते बघा. ६ इंच स्नोचं ०.८ इंच पाणी झालं तर रेशो साडेसातला १. तो तारखेसकट वहीत लिहा आणि पुढच्या एप्रिलला माझ्या ७ च्या जागी तुमचा आकडा वापरा.